मका उभा होता तोवर

यंदाचा मका कापायला सुरुवात झाली. काल दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पलीकडच्या शेतावर पिवळसर धूळ दिसली आणि धुळीच्या पायथ्याशी कंबाइन. इतक्या दुरून ते यंत्र चालताना दिसत नाही. भांडी विसळून पुन्हा पाहिलं तेव्हा ते दुसरीकडे होतं, एवढंच. संध्याकाळपर्यंत खिडकीची डावी बाजू मोकळी झाली आणि त्या बाजूने आभाळ थेट जमिनीपर्यंत उतरलं. मला वाटलं होतं, आपल्याला काहीतरी होईल. काही झालं नाही. मी दिवा लावला आणि आमटी गरम करायला ठेवली.

आमचं गाव नेब्रास्काच्या पश्चिमेला आहे. श्रीकांत, माझा नवरा, नागपूरचा. इथे येऊन त्याने रेसिडेन्सी संपवली आणि ज्या गावांना डॉक्टर मिळत नाहीत त्या गावांच्या यादीतून आमच्या वाट्याला हे आलं. तीन वर्षं काढायची आणि शिकागोला जायचं, असं ठरलं होतं. अडतीस वर्षं राहिलो. क्लिनिक मुख्य रस्त्यावर, धान्याच्या उंच कोठारांसमोर. तो पेशंट तपासायचा, मी पुढच्या टेबलावर बसायचे. फोन, अपॉइंटमेंट, पत्रं टाइप करणं सगळं माझ्याकडे. आल्या आल्याच कळलं होतं की इथे लोक अंतर मैलांत सांगत नाहीत, वेळात सांगतात. बरा किराणा चाळीस मिनिटांवर. हाडांचा डॉक्टर दीड तास. डेन्व्हरचा विमानतळ चार तास. आणि कॅन्सरचं रेडिएशन अडीच तास.

हे शेवटचं अंतर मी फोनवर कितीतरी जणांना सांगितलं होतं. सांगताना मला ते फार वाटत नसे.

तीन वर्षांपूर्वी श्रीकांतलाच मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता आणि रोज सकाळी दोन तास अजून पेशंट पाहत होता, कारण त्याच्या जागी यायला कुणी तयार नव्हतं. गाठ काढली. मग सोमवार ते शुक्रवार, एकूण बत्तीस वेळा रेडिएशन घ्यायचं ठरलं. एकेक खेप दहा-बारा मिनिटांची. बाहेरगावच्या पेशंटसाठी हॉस्पिटलजवळ राहण्याची सोय होती. तिथे आम्ही चार रात्री राहिलो. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "सुधा, मला माझ्या पलंगावर झोपू दे. सकाळचे पेशंटही होतील. आपण ये-जा करू." मी हो म्हटलं. गाडी मी चालवणार होते, आणि मला ते काही अवघड वाटलं नाही. इथे सगळेच चालवतात.

त्याच आठवड्यात माझी धाकटी बहीण मंजू मदतीला आली. ती पस्तीस वर्षं नेदरलँड्समध्ये, डेल्फ्टला राहते. तिला घ्यायला मी डेन्व्हरला गेले. शहर मागे पडलं तेव्हा तिने विचारलं, "ताई, आता किती राहिलं?"

"साडेतीन तास."

ती हसली. मी गंमत करतेय असं तिला वाटलं. तासाभराने ती खिडकीबाहेर बघायची थांबली आणि समोर बघत बसली. मग म्हणाली, "अगं, पण माणसं कुठेत?"

मलाही पहिल्या वर्षी हाच प्रश्न पडला होता. नंतर पडेनासा झाला. रिकाम्या जागेची नजरेला सवय होते, तशी ती आणखी कशाकशाला होते.

घरी आल्यावर तिने तोच प्रश्न श्रीकांतला विचारला. तो म्हणाला, "जमीन मक्याला लागते ना. माणसं कुठे ठेवणार?" त्याने गमतीतच सांगितलं, पण खरं तसंच आहे. आम्ही आलो तेव्हा आमच्या घरापासून उत्तरेला सहा कुटुंबं होती. यंत्रं मोठी झाली, शेतं एकत्र झाली, मुलं ओमाहाला नाहीतर डेन्व्हरला गेली. आता दोन आहेत.

पहिला आठवडा चांगला गेला. श्रीकांत मागच्या सीटवर उशीला टेकून बसायचा, मंजू माझ्या शेजारी. तिने फोनवर नकाशा काढला आणि मोजलं. "ताई, मी घरून निघून एवढी गाडी चालवली असती ना, तर एव्हाना फ्रान्समध्ये पोचले असते. मधला अख्खा बेल्जियम पार करून."

"वाटेत काय काय लागलं असतं?" मागून श्रीकांतने विचारलं.

"रॉटरडॅम, अँटवर्प, गेन्ट. आणि मध्ये गावंच गावं. एक गाव संपून दुसरं लागलं हे पाटी वाचूनच कळतं."

"म्हणजे बाथरूमच बाथरूम," श्रीकांत म्हणाला.

आम्ही तिघंही हसलो. तेव्हा हसता येत होतं.

दुसऱ्या आठवड्यापासून रेडिएशनचा त्रास सुरू झाला. त्याला दर वीस मिनिटांनी लघवीला लागायची, आणि लागली की थांबवता यायची नाही. आमचा पहिला सव्वा तास दुपदरी रस्त्यावरचा होता. त्यावर मध्ये एक पेट्रोल पंप, बाकी काही नाही. गाडीत भांडं ठेवलं होतं, पॅडही होते. या गोष्टी त्याने स्वतः शेकडो पेशंटना सुचवल्या होत्या. लाज कसली त्यात, असं समजावलं होतं. पण मंजू असो की नसो, तो त्यांना हात लावत नसे. "मका आहे तोवर मका," म्हणायचा.

मका होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो माणसाच्या डोक्यावर हात दीड हात उंच असतो, वाळून कागदासारखा झालेला. मी गाडी कडेला घ्यायचे. श्रीकांत दोन-तीन ओळी आत शिरायचा आणि दिसेनासा व्हायचा. मंजू आणि मी दुसऱ्या बाजूला बघत बसायचो. वारा नसतानासुद्धा त्या पानांचा आवाज होत असतो, दूर कुणी वर्तमानपत्राची पानं उलटतंय असा. मग तो बाहेर यायचा. स्वेटरवर पानांचे तुकडे चिकटलेले असायचे, ते मी झटकायचे. गाडी पुन्हा सुरू.

त्या वर्षी कापणी वेळेवर सुरू झाली. पाऊस नव्हता, हवा कोरडी होती. क्लिनिकमध्ये, पोस्टात, जो भेटेल तो म्हणायचा की इतकी चांगली हवा कापणीला कित्येक वर्षांत मिळाली नाही. मी मान हलवायचे. रोज एकेक शेत जात होतं. मंगळवारी जुन्या शाळेच्या वळणापुढचं गेलं. बुधवारी परत येताना पाण्याच्या टाकीजवळचं अर्धं. मला तो रस्ता शेतांवरून पाठ होता, आणि आता गाडी चालवताना मी रस्त्याकडे कमी आणि कुठे उभा मका आहे याकडेच जास्त बघायचे. श्रीकांतही बघत असणार. मागून विचारायचा, "पुढचं आहे का अजून?" मी म्हणायचे, "आहे." "मग तोवर धरतो." कधी पुढचं नसायचं. दुपारपर्यंत तिथे धसकटं असायची आणि मैल मैल पलीकडचं दिसायचं.

मंजूने तिसऱ्या आठवड्यात एकदा सुचवलं, तिथेच पुन्हा खोली घेऊया. तो म्हणाला, "मंजू, दिवसातून दोनदा अडीच तास मला त्रास होतो. तिथे चोवीस तास मी पेशंट असतो." सकाळचे पेशंट पाहणं तोवर बंद झालं होतं. तरी तो सात वाजता दाढी करून तयार व्हायचा.

एकोणिसाव्या खेपेनंतरची परतीची वाट. दुपारचे तीन वाजले होते, ऊन पांढरं होतं. हायवे सोडून दुपदरी रस्त्याला लागलो, तर दोन्ही बाजूंना काही उरलं नव्हतं. सकाळी जाताना एक पट्टा उभा पाहिला होता, त्याच्या भरवशावर आम्ही होतो. तोही गेला होता. श्रीकांत म्हणाला, "थांबव." मी म्हटलं, "पंप दहा मिनिटांवर आहे." तो म्हणाला, "सुधा, थांबव."

मी थांबवली. तो उतरला आणि गाडीच्या उघड्या दाराआड उभा राहिला. एवढाच आडोसा होता.

अशा मोकळ्या जागी उभी गाडी दोन मैलांवरूनही दिसते. समोरून एक पिकअप येत होता, तो हळू झाला आणि पलीकडे थांबला. डेल उतरला. डेल म्हणजे आमच्या उत्तरेच्या दोन कुटुंबांपैकी एकातला शेतकरी. त्याच्या दोन्ही मुलींचं बाळंतपण श्रीकांतने केलेलं. रस्ता ओलांडत त्याने हाक मारली, "डॉक, यू ओके? नीड अ हँड?"

श्रीकांतने एक हात वर केला. "फाइन, डेल. वुई आर फाइन."

डेलच्या लक्षात आलं. तो रस्त्याच्या मधोमध थांबला, डोक्यावरची टोपी काढली आणि खाली बघत राहिला. पण आता दोन गाड्या थांबलेल्या दिसत होत्या, आणि आमच्या इथे दोन गाड्या थांबल्या म्हणजे अपघात, असंच कुणालाही वाटतं. पाठीमागून पोस्टातली बाई आली, ती थांबली. मग धान्याचा एक ट्रक आला, तोही थांबला. तिघंही चांगली माणसं. तिघंही त्याला नावाने ओळखत होती. डेल हात हलवून त्यांना जा, जा म्हणत होता, आणि ती काळजीने खिडक्या खाली करत होती.

श्रीकांत गाडीत बसला तेव्हा त्याची पँट ओली होती. मंजूने आपली शाल मागे दिली. ती मांडीवर पसरून तो म्हणाला, "पंचवीस मैलांत माणूस नाही. आणि जे आहेत ते सगळे मला ओळखतात."

विरळ वस्तीत माणसाला एकांत मिळतो, असं शहरातले लोक समजतात. मीही समजायचे. एकांत गर्दीत असतो. डेल्फ्टला मंजूच्या भिंतीपलीकडचा माणूस खोकतो ते तिला ऐकू येतं, अकरा वर्षं ऐकू येतंय, आणि त्याचं नाव तिला धड सांगता येत नाही. तो माणूस काहीही लपवू शकतो. आमच्याकडे लपायला फक्त मका होता.

घरी येऊन त्याने अंघोळ केली. बाहेर येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि म्हणाला, "उद्या त्यांना फोन कर. बस झालं."

मंजू म्हणाली, "भाऊजी, तेराच राहिल्यात."

"मला माहीत आहे किती राहिल्यात ते."

"मग?"

मंजू तशी भिडस्त आहे, पण त्या दिवशी तिने सोडलं नाही. "एकच सांगा. हेच हॉस्पिटल आमच्यासारखं घरापासून पंधरा मिनिटांवर असतं, तर थांबवलं असतंत?"

"नसतं थांबवलं," श्रीकांत म्हणाला. जराही विचार न करता. मग माझ्याकडे वळला. "सुधा, आपण काय लिहायचो गं कागदावर? कुणी अर्ध्यात सोडलं की?"

"पेशंट डिक्लाइन्ड फर्दर ट्रीटमेंट."

"डिक्लाइन्ड," तो म्हणाला. "जसं काही आपण लाडू पुढे केला आणि ते नको म्हणाले."

मला एव्हलिन आठवली. शाळेच्या कँटीनमध्ये काम करायची, विधवा होती, गाडी जुनी. रेडिएशनच्या दहाव्या खेपेनंतर तिने टेबलाशी येऊन मला सांगितलं होतं, "इट्स जस्ट टू फार, हनी." मी तिला समजावलं होतं. अडीच तास काही फार नाही, असं मी तिला म्हटलं होतं, खुर्चीवर बसून. ती निघून गेल्यावर तिने उपचार सोडल्याचं पत्र मीच टाइप केलं. त्यात अंतर हा शब्द कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. तिकडच्या नर्सने कारण विचारलं. मी म्हटलं, "डिस्टन्स." ती मऊ आवाजात म्हणाली की ते लिहायला जागा नाहीये, ती 'पर्सनल रीझन्स' घालते. मी चालेल म्हटलं.

आता खरं ते लिहिते. श्रीकांत बस झालं म्हणाला तेव्हा मला दुःख झालं नाही, भीतीही वाटली नाही. सुटल्यासारखं वाटलं. उद्या निघायचं नाही, उद्या शेतं मोजायची नाहीत, एवढंच डोक्यात आलं. मी मंजूसारखं एकदाही म्हटलं नाही की तेराच राहिल्यात. म्हटलं असतं तर त्याने कदाचित ऐकलं असतं. तो माझं ऐकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठ वाजेपर्यंत झोपले, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा, आणि जाग आल्यावर अंग हलकं होतं. तेव्हापासून ते हलकंच आहे. आत काहीतरी ठेवायचं राहून गेल्यासारखं.

आमचा मुलगा निखिल क्युपर्टिनोला असतो. त्याला रविवारी सांगितलं. तो शांत मुलगा आहे, आवाज चढवत नाही. "मॉम, हाऊ कुड यू लेट हिम?" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "तू ये, मग बोलू." तो आला. त्याला एक विमान, मग दुसरं विमान, मग चार तास गाडी. शुक्रवारी निघून शनिवारी जेवायला पोचला आणि रविवारी दुपारी परत निघाला. मंजूची दोन्ही मुलं दोन वेगळ्या देशांत राहतात आणि रविवारी तिच्याकडे जेवून संध्याकाळी आपापल्या घरी जातात. निखिल तर माझ्याच देशात राहतो. त्याने बाबांशी अंगणात बसून बोलून घेतलं. काय बोलले ते मला माहीत नाही. जाताना मला म्हणाला, "यू गाइज शुड हॅव मूव्ह्ड. इयर्स अगो." मी म्हटलं, हो.

मंजूही नोव्हेंबरात गेली. विमानतळावर तिने माझे दोन्ही हात धरले आणि काहीतरी बोलायला लागली. मी तिला आत जायची घाई केली. मला चार तास परत यायचं होतं.

श्रीकांत पुढच्या जूनमध्ये गेला, घरी, स्वतःच्या पलंगावर. तोवर मका गुडघ्याएवढा आला होता. राहिलेल्या तेरा खेपा घेतल्या असत्या तर काय झालं असतं, हे मी त्याच्या डॉक्टरला विचारलं. ते म्हणाले, सांगता येणार नाही, कदाचित काहीच फरक पडला नसता. 'कदाचित' हा शब्द ते जरा जपून म्हणाले. श्रीकांतही पेशंटच्या बायकांना तो असाच जपून म्हणायचा. मी त्या वेळी टेबलाशी बसलेली असायचे.

अंत्यसंस्काराला साडेतीनशे माणसं आली. आमच्या गावात इतकी माणसं एका जागी मी कधी पाहिली नव्हती. कुठून कुठून आली होती, कुणी दोन तास, कुणी तीन. डेलने शाळेच्या मैदानात गाड्या लावायची व्यवस्था केली. सगळे माझ्याशी हात मिळवून गेले. तास दीड तास मी उभी होते. मग गाड्या एकेक करून चारी दिशांना गेल्या, आणि सगळ्यात शेवटची गाडी दिसेनाशी व्हायला बराच वेळ लागला, कारण मधे आडवं काही नसतं.

क्लिनिक बंद आहे. आता जवळचा डॉक्टर पन्नास मिनिटांवर. निखिल बोलावतो, मंजू बोलावते. मी जाईन म्हणते. कधी कधी गाडी काढून त्याच दुपदरी रस्त्याने पंपापर्यंत जाते, कॉफी घेते आणि परत येते. कशासाठी ते मलाही नीट सांगता येणार नाही. गाडी चालवताना बरं वाटतं असंही नाही. वेळ जातो.

गेल्या एप्रिलमध्ये मंजूने तिकीटच पाठवलं म्हणून मी डेल्फ्टला गेले. तीन आठवडे राहिले. तिचं घर अरुंद, जिना शिडीसारखा उभा, खिडकीतून हात लांब केला तर समोरच्यांच्या कुंडीला लागेल असं वाटतं. ट्राममध्ये माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात आणि कुणी कुणाकडे बघत नाही. मी बघायचे. एखादा म्हातारा काठी टेकत चढायचा, दोन थांबे गेले की उतरायचा, आणि उतरून जिथे पोचायचं तिथे पोचलेला असायचा. मंजू मला चर्च दाखवायची, ट्युलिप दाखवायची. मी छान म्हणायचे. तिला वाटत असावं की इथे आले म्हणजे मी एकदा रडून घेईन. ती त्याची वाट बघत होती, पण मला रडू येत नव्हतं.

एका सकाळी तिचा नवरा विनय याला हॉस्पिटलात रक्त तपासायला द्यायचं होतं. वयानुसार करतात तशी साधी तपासणी. मंजूने तिघांचा चहा केला, आमचे दोघींचे कप भरले. विनय म्हणाला, "माझा झाकून ठेव. उपाशीपोटी जायचंय. आल्यावर घेतो." त्याने जाकीट घातलं, दाराबाहेरची सायकल काढली आणि गेला. मंजूने किटलीवर लोकरीची टोपी घातली. आम्ही तिथेच बसून राहिलो. ती तिच्या मुलीच्या नव्या घराबद्दल सांगत होती. मी ऐकत होते. माझा चहा संपला, मंजूने वर्तमानपत्र उघडलं.

मग दार वाजलं आणि विनय आत आला. दंडाला कापसाचा बोळा चिकटवलेला. "गर्दी होती जरा," म्हणाला, खुर्ची ओढली आणि किटलीवरची टोपी काढून कप भरला.

चहातून वाफ येत होती.

मी त्या वाफेकडे बघत होते. मंजू माझ्याकडे बघत होती. तिला कळलं असावं, कारण तिने वर्तमानपत्र हळूच खाली ठेवलं आणि तिचा हात टेबलावरून माझ्याकडे यायला लागला. विनयला काही माहीत नव्हतं. तो फुंकर घालून घोट घोट चहा पीत होता.

"सुधाताई, आज काय बेत?" त्याने विचारलं. "कुठे लांब जायचंय का?"

मी माझा रिकामा कप उचलून बेसिनपाशी नेला, नळ सोडला. तो विसळून होईपर्यंत पाठमोरीच राहिले.

"नको," मी म्हटलं. "इथेच बसू."